ताटल्यांचे शेजारी

लग्न होऊन साताऱ्याहून सांगलीला आले तेव्हा माझ्याबरोबर दोन सुटकेस, एक शिलाई मशीन आणि पाच डिस्कस मासे होते. सुटकेस आणि मशीन टेम्पोतून आलं. मासे माझ्या वडिलांच्या मांडीवर बसून आले. आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, कुणाचं ऐकून घेण्याची सवय नसलेले. पण त्या दिवशी त्यांनी पाण्याच्या फुगलेल्या पिशव्या आपल्या मिलिटरीच्या कांबळ्यात गुंडाळल्या, गाडीचा एसी बंद करायला लावला आणि घामानं निथळत सांगलीपर्यंत एका जागी बसून राहिले. डिस्कसला गारठा सोसत नाही, हे मी त्यांना बजावलं होतं. कराडला चहाला थांबलो तरी ते उतरले नाहीत. "तू पिऊन ये. ह्यास्नी कोन बघंल?" म्हणाले.

डिस्कस म्हणजे गोल, चपटा, बशीएवढा मासा. माझ्याकडचे दोन निळ्या नागमोडी रेषांचे आणि तीन विटकरी. साताऱ्याला नोकरी करताना भाड्याच्या खोलीत मी ते रुपयाएवढे असल्यापासून वाढवले होते. मी मुळात तापट. कामावर कुणाशी वाजलं की घरी येऊन टाकीसमोर बसायचं, मग ते पाचही जण काचेजवळ येऊन माझ्याकडे टकामका बघायचे आणि माझा पारा उतरायचा. माणसांनी मला इतक्या शांतपणे कधी ऐकून घेतलेलं नाही.

नवरा सांगलीचा जैन, मी पाटणकडची मराठा. दोन्ही घरं आधी रुसली, मग हळूहळू हसली. मटण मी माहेरी खायचं आणि सासरी त्याचं नावही काढायचं नाही, एवढं ठरलं आणि ते मला जडही गेलं नाही. जड गेलं ते वेगळंच. पुराच्या भीतीनं घराचा हॉल वरच्या मजल्यावर होता. तिथं माझी टाकी लागली, पाणी कोमट झालं, मासे आत सोडले, आणि आत्ती वर आल्या. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी कमरेवर हात ठेवून टाकी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"जिता जीव काचेत कोंडून ठिवायचा म्हंजे पापच की गं."

नवऱ्यानं खिडकीबाहेर पाहिलं.

"आणलायस तर ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पण एक सांगून ठिवते. माझ्या घरात कुणी कुणाला खायचं न्हाई. ज्या दिवशी हितं एकानं दुसऱ्याला खाल्लं, त्या दिवशी टाकी घराभाईर."

मी मान हलवली. अट टाकीवर होती, पण मला ती माझ्यावरच घातल्यासारखी वाटली. त्या घरातलं बाकी सगळं, भांडी, पडदे, देवघर, जेवणाच्या वेळा, मी यायच्या आधीपासून ठरलेलं होतं. टाकी तेवढी माझी. ती गेली असती तर त्या घरात मी नुसती राहायला आलेली बाई उरले असते.

आणि नेमकं त्याच वेळी टाकीत आणखी मासे आणणं भाग होतं. डिस्कस भित्रा असतो. नव्या घरात आल्यापासून पाचही जण टाकीतल्या लाकडाच्या बुंध्यामागं दडून बसले होते. त्यांच्या आजूबाजूला लहान, शांत मासे मोकळेपणानं हिंडताना दिसले की मग त्यांचा विश्वास बसतो, बाहेर यायला हरकत नाही म्हणून.

"म्हंजे सोबत पायजे," आत्ती म्हणाल्या.

"व्हय. पण सोबत बघून आणाय लागते."

हे त्यांना एकदम पटलं. घरातली लग्नं जुळवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी कुपवाडच्या एका कारखान्यात मशीनच्या भागांची ड्रॉइंग करते. सहाच्या सुमाराला स्कूटर लावून मी वर यायची तोवर आत्तींचं दिवस मावळायच्या आतलं जेवण झालेलं असायचं. मग माझा चहा, त्यांचा चष्मा आणि मोबाइलवर माशांचे फोटो, असं आमचं स्थळं बघणं सुरू झालं.

पहिला गोल्डफिश. "दिसायला बरा हाय की."

"त्याला गार पाणी लागतं. आपल्या टाकीत कोमट. आणि दिवसभर खातो, दिवसभर घाण करतो."

"नगं."

मग एंजल. "ह्यो तर ह्यांच्याच भावकीतला दिसतोय."

"भावकीतलाच हाय. म्हणून तर नको. अंगानं दांडगा, दाणे टाकले की आधी हाच झडप घालणार. ह्यांना मग उरलंसुरलं. शिवाय स्वतः धडधाकट राहून ह्यांना आजार देतो."

आत्तींच्या माहेरी उसाच्या बांधावरून भावकीत वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. टायगर बार्ब हा पट्ट्यापट्ट्यांचा मासा दुसऱ्यांचे पर कुरतडतो म्हटल्यावर त्यांनी आमच्या गल्लीतल्या एका बाईंचं नाव घेतलं आणि फोटो पुढं सरकवला. सकर नावाचा काळा मासा तर दुकानदार प्रत्येकाच्या गळ्यात मारतात, काच साफ करतो म्हणून. लहानपणी करतोही. मोठा झाला की काच सोडतो आणि डिस्कसच्या अंगाला चिकटून त्याच्यावरचा बुळबुळीत थर चाटायला लागतो. डिस्कसला जखमा होतात.

"कामाचा म्हणून घरात घ्यायचा आणि त्यानं घरच्यास्नीच चाटायचं," आत्ती म्हणाल्या. "नगं गं बाई."

निऑन टेट्रावर मात्र त्यांचा जीव बसला. एवढुसा, अंगावर निळी चकाकती रेघ. मी नको म्हणाले. त्याला आपल्या टाकीतली ऊब सोसायची नाही, आणि आकारानं इतका बारका की डिस्कसच्या तोंडात बसतो.

आत्तींनी चष्मा काढला. "बसतो म्हंजे?"

"म्हणजे, गिळला जाऊ शकतो."

"नगं, नगं, नगं!"

शेवटी कार्डिनल टेट्रा ठरला. निऑनचाच चुलत भाऊ, पण जरा मोठा, पोटाखालून पूर्ण लाल, कोमट पाण्यात सुखानं राहणारा. तोही पूर्ण वाढलेलाच घ्यायचा. आणि तळाशी फिरायला ठिपक्याठिपक्यांचे कोरीडोरास, म्हणजे कोरी. वरून पडलेले दाणे मिशांनी हुंगत खातात, अध्यात ना मध्यात. "उष्टं-खरकटं आवरतो आणि कुणाला वर तोंड करून बोलत न्हाई, ह्यो लय चांगला," आत्ती म्हणाल्या. दाण्यांत सुक्या मासळीचीही पूड असते. ते कशाचे असतात, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी किंवा नवऱ्यानं कधी सांगितलं नाही.

हे सगळं ऐकत बसलेला नवरा म्हणाला, "आई, माझ्या वेळी एवढी चौकशी केली न्हाईस."

"तुझ्या वेळी मला विचारलं कुणी? तू तर आणून हुबीच केलीस."

मी चहात बघून हसले. त्याही हसल्या. लग्नानंतर आम्ही दोघी एकाच गोष्टीवर हसलो, ती ही पहिली वेळ.

नवे मासे आणले की लगेच टाकीत सोडायचे नसतात. दुकानातून ते काय आजार घेऊन येतील सांगता येत नाही, म्हणून आधी वेगळ्या टबात ठेवून बघायचे. मागच्या गॅलरीत मी टब लावला. आत्तींनी त्याला सोवळं म्हटलं आणि कामवाल्या बाईंनाही त्या बाजूला फिरकू दिलं नाही. मग एका रविवारी कार्डिनल आणि कोरी टाकीत गेले. दुपारपर्यंत एक निळा डिस्कस बुंध्यामागून बाहेर आला, संध्याकाळपर्यंत पाचही. आत्ती त्यांना ताटल्या म्हणायला लागल्या. "ताटल्या आल्या गं समोर!" अशी खालपर्यंत हाक यायची.

एकाच गोष्टीवरून आमचं वाजायचं. आत्तींच्या घरात दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पाणी वापरत नाहीत. फडक्यात जे सूक्ष्म जीव अडकतात त्यांना जिवाणी म्हणतात. विहिरी होत्या तेव्हा ते फडकं उलटं धरून जिवाणी त्याच विहिरीत परत सोडायची रीत होती. नळ आले तरी गाळणं चालूच राहिलं. मी टाकीतलं जुनं पाणी नळीनं बादलीत काढायला लागले की आत्ती बादलीच्या तोंडावर फडकं बांधायच्या. त्यात घाण अडकायची, पाणी सांडायचं, वेळ जायचा. मी चिडायची. त्या शांतपणे गाठ मारायच्या.

एकदा फडक्यावर लाल काहीतरी तडफडलं. माझ्या नळीतून एक कार्डिनल ओढला गेला होता. फडकं नसतं तर मी तो पाण्याबरोबर जास्वंदीच्या कुंडीत ओतला असता आणि मला कळलंही नसतं. आत्तींनी फडकं उचललं, टाकीवर उलटं धरलं. "ज्या पान्यातला, त्या पान्यात," एवढंच म्हणाल्या. मला मात्र त्या क्षणी त्या फार आवडल्या.

आबा एकदा मला बघायला आले. टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग खड्या आवाजात म्हणाले, "लय झ्याक वाढल्यात गं. खायाला कसं लागत्यात?"

मी डोळे मिटले. आत्ती पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभ्या होत्या. "सुभेदार," त्या म्हणाल्या, "ह्या घरात कुणी कुणाला खात न्हाई."

आबांनी दोन्ही कान पकडले. "चुकलो बाई." आत्ती स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावून हसत होत्या, ते मी पाहिलं. पण अट अजून तिथंच होती, हेही मला ऐकू आलं.

भाद्रपदात जैनांचं दशलक्षण पर्व येतं. त्या दिवसांत आत्ती एकदाच जेवायच्या, तेही दिवस मावळायच्या आत, आणि बराच वेळ बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात असायच्या. माशांचे दाणे संपले होते. नवऱ्याला सांगितलं होतं, तो विसरला. आत्तींच्या लक्षात राहिलं. बस्तीतून येताना त्या स्वतःच माशांच्या दुकानात शिरल्या.

मी कामावरून आले तर आत्ती टाकीसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. चेहऱ्यावर असं समाधान की मला वाटलं कुणाला मुलगा झाला. मग मी टाकीकडे पाहिलं. आत जत्रा भरली होती. करड्या, पिवळट, बारक्या माशांचा लोंढा काचेपासून काचेपर्यंत सैरावैरा पळत होता. कार्डिनल एका कोपऱ्यात गोळा झालेले. चार ताटल्या काळवंडून बुंध्यामागं घुसलेल्या. डिस्कस घाबरला की अंगानं काळा पडतो.

"आत्ती, हे काय?"

"अभयदान," त्या म्हणाल्या. "दुकानात खाली एका टबात चेंगरून ठिवलेलं. म्हटलं, हे कशाला? तर म्हणतो, मोठ्या माशाला खायाला घालायला. दशलक्षणात डोळ्यांनी बघून पुढं कशी येऊ मी? सगळा टबच सोडवून आणला."

मी त्या वेळी शांत राहिले असं लिहायला मला आवडलं असतं. "आवं, विचारायचं तरी!" मी ओरडले. "कुणाला कुणात सोडायचं ह्याला काय हाय का न्हाई? सोवळ्याच्या टबात का न्हाई ठेवले? एवढं बसून बघितलं ते काय उगंच?"

"मरायला ठिवलेलं हुतं गं ते," आत्ती पुटपुटल्या.

तेवढ्यात पाचवी ताटली, सगळ्यांत मोठी, निळी, बुंध्यामागून पुढं आली. तिच्या समोरून मुंगीपेक्षा जरा मोठं एक पिल्लू वळवळत चाललं होतं. तिनं मान वाकडी केल्यासारखं केलं, तोंड उघडलं आणि पिल्लू नाहीसं झालं.

आम्ही दोघींनीही ते पाहिलं.

मी जाळी आणली. आत्तींनी बादलीवर फडकं न बांधता, पदर खोचून, ती नुसती धरून ठेवली. मी एकेक करून ते मासे काढत राहिले आणि त्या त्यांना गॅलरीतल्या टबात नेऊन सोडत राहिल्या. बारके इतके चपळ की जाळीत येता येत नव्हते. दुकानात थांबल्यामुळं आत्तींचं जेवण राहिलेलं होतं. शेवटचे मासे काढता काढता दिवस मावळला. मी म्हणाले, निदान पाणी तरी घ्या. त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि देवघरात जाऊन बसल्या.

पुढचे दिवस वाईट गेले. ताटल्यांनी खाणं सोडलं. दाणे समोरून तळाला जात, त्या बघत नसत. कोरी बिचारे खालून आवरत होते. मी पाणी जरा जास्त उबदार केलं, रोज थोडं बदलत राहिले. आत्ती रोज न चुकता येऊन बादलीवर फडकं बांधायच्या आणि एक शब्द न बोलता जायच्या. घरात ताटल्याही उपाशी आणि आत्तीही जवळजवळ उपाशी.

नवरा म्हणाला, "तिनंच आणले, आता ती काय बोलणार?"

"अट म्हणजे अट," मी म्हणाले. आत्ती बोलल्याप्रमाणं वागणाऱ्या. पर्व संपलं की त्या मला टाकी काढायला सांगणार, ह्याबद्दल मला शंका नव्हती. त्या सांगण्याआधी आपणच आवरावं, म्हणजे निदान मान राहील, असं माझ्या तापट डोक्यात आलं. मी आबांना फोन केला. मी म्हणाले, मासे बहुतेक परत न्यायला लागतील.

"कांबळं धुऊन ठिवलंय," आबा म्हणाले. "कवा येऊ तेवढं सांग."

पर्व संपल्यावर क्षमावणी असते. वर्षभरात जाणता-अजाणता जे काही दुखावलं असेल त्याची प्रत्येकानं प्रत्येकाकडे क्षमा मागायची. धाकट्यांनी थोरांकडे आणि थोरांनीही धाकट्यांकडे. आदल्या वर्षी मी ते पाहिलं होतं, सणाला तिळगूळ द्यावा तसं हसतखेळत चाललेलं. त्या दिवशी आत्ती बस्तीतून आल्या त्या पायातली चप्पल काढून थेट वर आल्या. मी टाकीजवळच होते. त्या माझ्याकडे न बघता काचेसमोर उभ्या राहिल्या, निळ्या ताटलीपुढं हात जोडले आणि म्हणाल्या, "माझ्या हातनं चुकलं. क्षमा कर."

मग माझ्याकडे वळल्या. तेच जोडलेले हात.

"आत्ती, आवं काय करताय," मी त्यांचे हात धरले. आमच्या घरात थोरली माणसं अशी हात जोडत नाहीत. चूक झाली तर आबा दोन दिवस जास्त कामाला लागतात, एवढंच.

"मागू दे," त्या म्हणाल्या. "मासा हाय, भूक लागली तर त्यो खाणारच. कुणाला कुणाशेजारी ठिवायचं हे बघायचं काम आपलं. ते तू बघत हुतीस. मीच आंधळ्यासारखं केलं."

"मग टाकी?" मी विचारलं.

"टाकी कुठं जातीया?" त्या म्हणाल्या. "ती अट घातली तवाच माझं चुकलं. घरात आणलेल्याला अट घालून ठिवत न्हाईत गं. तू तवा नुसती मान हालवलीस. मला कळायला पायजे हुतं."

मला रडू आलं. चांगलं मोठ्यानं आलं. खालून नवरा पळत वर आला आणि आधी त्यानं टाकीकडे पाहिलं, कोण मेलं म्हणून.

नंतर त्यानं गॅलरीतल्या माशांचा विषय काढला. कृष्णेत सोडून येऊ का, म्हणाला. आत्ती त्याच्यावर खेकसल्या. "ते काय कृष्णेतलं हाईत व्हय? दुकानातलं पाणी ते. तिथं परत दिलं तर मरणालाच दिलं. आता ह्या घरातलं पाणीच त्यांचं." तेव्हा त्यांच्यासाठी दुसरी टाकी आली, ती आत्तींच्या खोलीत, खाटेच्या शेजारी. त्यांची पिल्लावळ इतकी वाढली की आत्ती आता बस्तीतल्या मैत्रिणींना बरणीतून मासे देतात. आणि देण्याआधी, तुझ्याकडं आधीचं कोण हाय, ते कसलं हाय, ह्याची उलटतपासणी करतात.

क्षमावणीच्या त्या संध्याकाळी आत्तींनी टाकीत चिमूटभर दाणे टाकले. निळी ताटली पुढं आली, एक दाणा तोंडात घेतला, थुंकला, परत घेतला आणि गिळला. मी लगेच आबांना फोन लावला. त्यांच्याकडे टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

"आबा, कांबळं ठेवून द्या. मासे हितंच राहणार."

"बरं झालं," ते म्हणाले. मग टीव्हीचा आवाज बंद झाला. "आनि तू?"

"मीबी," मी म्हणाले.